भजी कोणाची, बोर्ड कोणाचा

शिकवणाऱ्या माणसाकडे दोन गोष्टी आपोआप साठतात. वाळलेले मार्कर आणि किस्से. मार्कर फेकून देता येतात हो! किस्से कुठे फेकणार? बरं, स्वतःजवळ ठेवून घ्यावेत तर ते पोटात ढवळत राहतात. म्हणून कोणी चहाला बोलावलं की मी आधी चहा घेते आणि मग किस्सा सोडते.

मी नंदुरबारात फ्रँचायझीचे वर्ग घेते. स्टेशनरोडला बियाण्याच्या दुकानावर आमचा हॉल आहे. तीस खुर्च्या, दोन पंखे, त्यातला एक फिरतो. माझ्याकडे दोन प्रकारची माणसं येतात. ज्यांचा धंदा नावारूपाला आलाय आणि ज्यांना तो दुसऱ्याला चालवायला द्यायचाय, ते एक. आणि ज्यांना असं तयार नाव घेऊन दुकान टाकायचंय, ते दुसरे. एक मुलीकडचे, एक मुलाकडचे, आणि मधे मी! लग्न मोडलं की शिव्या मला, जमलं की फोटोत मी नाही.

*

पहिल्या दिवशी मी सगळ्यांना एकच प्रश्न विचारते. "फ्रँचायझी म्हणजे काय?"

एकदा अशीच बॅच होती. कोणी म्हणालं "शाखा", कोणी "एजन्सी". मागच्या रांगेतला एक जण नुसतंच "फसवणूक" म्हणाला आणि खाली बसला. त्याचा अनुभव मी विचारला नाही. पहिल्याच दिवशी कशाला!

मग उठले कांतिलालशेठ. नवापूरचे कापडवाले. पणजोबा राजस्थानातून आले, त्यानंतरचे सगळे इथेच जन्मले. शेठना आइस्क्रीमची फ्रँचायझी घ्यायची होती. कापडात आता राम राहिला नाही, असं त्यांचं म्हणणं.

"मॅडम, फ्रँचायझी म्हणजे नाव त्यांचं, नियम त्यांचे, रंग त्यांचा आणि चवपण त्यांची."

"मग त्यात तुमचं काय, शेठ?"

"झाडू!"

सगळा वर्ग खो खो हसला. मीसुद्धा हसले, आणि संध्याकाळी गुपचूप ती व्याख्या माझ्या स्लाइडमध्ये टाकली. पुढे पुण्याच्या एका कंपनीचे साहेब आले होते, त्यांनी ती वाचून गंभीरपणे विचारलं, "याचा सोर्स काय?"

मी म्हटलं, "नवापूर."

*

त्याच पुण्याच्या साहेबांची गोष्ट. त्यांचा सँडविचचा ब्रँड होता. आमच्याकडे त्यांना ‘माझा प्रवास’ या विषयावर बोलायचं होतं आणि जमलं तर दोनतीन फ्रँचायझी द्यायच्या होत्या. तारीख त्यांनीच ठरवली. मी फोनवर म्हटलंसुद्धा, "साहेब, सध्या मिरचीचा सीझन आहे." ते म्हणाले, "अरे वा, छान!"

छान? आमच्या हॉलच्या मागे मिरचीची पथारी आहे. लाल मिरच्या एकराएकरावर वाळत पडलेल्या असतात, आणि दुपारचा वारा सुटला की अख्खं गाव शिंकतं. आम्हाला सवय झालीय. आमची लेकरं पाळण्यातच खोकायला शिकतात.

साहेब सुरू झाले. "मी एका साध्या घरातला मुलगा..." एवढ्यात वारा सुटला. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. "वडिलांकडे फक्त एक सायकल..." पाणी गालावर आलं. "पहिलं दुकान बंद पडलं तेव्हा..." इथे त्यांचा गळाच दाटला, शब्द फुटेना. त्यांनी दोन्ही हातांनी टेबल धरलं.

सवयीमुळे मिरची कोणाच्या लक्षातच आली नाही! पुढच्या रांगेतल्या दोन बायांनी पदर डोळ्याला लावला. कांतिलालशेठनी उठून आपला रुमाल दिला. एका आजोबांनी साहेबांच्या पाठीवर हात ठेवला आणि अहिराणीत म्हणाले, "बठ भाऊ, बठ. व्हई समदं नीट."

साहेबांना पाणी पाजलं, खाली नेलं, गाडीत बसवलं. जाताना ते हात हलवून काहीतरी सांगत होते, पण त्यांना बोलताच येत नव्हतं.

त्यांच्या फ्रँचायझीसाठी फॉर्म किती आले? एकही नाही! मी त्या आजोबांना विचारलं, तर ते म्हणाले, "मॅडम, जो धंदा मालकले इतला रडावस, तो आम्हले काय हासाडी?"

*

आता हमीदचाचा. चाचांशिवाय माझी गाडी पुढे जाणारच नाही.

स्टेशनच्या कोपऱ्यावर चाचांची भजीची गाडी. मेथीची भजी आणि सोबत लाल चटणी. माझ्या लग्नाआधीपासून मी ती खातेय. माहेरी आले की आधी चाचांची भजी आणि मग आईचं घर, हे आईलाही माहीत होतं. चाचांचा मुलगा सुरतेला साडीच्या मिलमध्ये चांगल्या नोकरीला आहे. तो काही परत यायचा नाही. आणि डॉक्टरांनी चाचांना सांगितलं होतं, आता फार दिवस कढईपुढे उभं राहू नका.

एक दिवस चाचा जिना चढून माझ्या हॉलमध्ये आले. धाप लागली होती. खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "बेटी, मन्हा नंतर ह्या भज्या कोन तळी?"

खरं सांगते, मी फ्रँचायझी, ब्रँड, मॅन्युअल, हे शब्द वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिते. त्यांचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

मी म्हटलं, "चाचा, तळतील. आधी आपण कृती लिहून काढू. कोणीही वाचावी आणि तशीच भजी करावी, अशी."

दुसऱ्या दिवशी मी वजनकाटा घेऊन गाडीवर गेले. बेसन मोजलं, मेथी मोजली, ओवा मोजला. सगळं सरळ. मग आलं तिखट.

"किती?"

"मूठभर."

"कोणाची मूठ?"

"मन्ही."

बरं, मूठ तर मूठ. चाचा प्रत्येक घाण्याचं पीठ वेगळं कालवतात, म्हणून मी म्हटलं, आता दहा घाण्यांची मूठ काट्यावर टाका. त्यांनी टाकली. दहा वेळा दहा वेगळी वजनं! कुठे चिमटीएवढी, कुठे ओंजळभर. माझा पारा चढला. मी म्हटलं, "अहो चाचा, एक मूठ म्हणजे एक मूठ! मी काय लिहू मॅन्युअलमध्ये?"

चाचा शांतपणे म्हणाले, "नही बेटी. हाई पयली मूठ डाक्टरसाहेबनी. त्याना पोटमा आग पडस. हाई दुसरी रिक्षावालास्नी, त्यास्ले झणझणीत लागस. हाई तिसरी कॉलेजन्या पोरीस्नी, त्या खातीस कमी आन् हासतीस जास्ती."

"आणि ही सातवी? एवढी मोठी?"

"हाई मन्हा जावाईनी. त्यानी परत मांगाले नको, म्हणीसन!"

मी मॅन्युअलमध्ये लिहिलं, ‘तिखट: चवीनुसार’. चाचांनी ते वाचून घेतलं आणि मला विचारलं, "कोनन्या?"

*

मधे शहाद्याच्या योगेशची भानगड झाली. योगेशने कुरिअरची फ्रँचायझी घेतली होती. कंपनीचा नियम असा की गिऱ्हाईक आत आलं की उभं राहायचं, हात जोडायचे आणि म्हणायचं, "नमस्कार, आपलं स्वागत आहे. मी आपली काय सेवा करू शकतो?" हे मी योगेशकडून माझ्यासमोर पन्नास वेळा म्हणवून घेतलं. पोरगं घामाघूम झालं, पण त्याने पाठ केलं.

दुकान उघडलं. पहिलं गिऱ्हाईक कोण? योगेशचे सख्खे काका. लहानपणी याला खांद्यावर घेऊन फिरलेले. काका आत आले आणि म्हणाले, "काय रे भो, कसं शे?"

योगेश उभा राहिला, हात जोडले आणि एका दमात म्हणाला, "नमस्कार. आपलं स्वागत आहे. मी आपली काय सेवा करू शकतो?"

काका हातातलं पार्सल तसंच घेऊन बाहेर पडले. आमच्याकडे शुद्ध मराठी एकतर तलाठी बोलतो, नाहीतर शाळेतले गुरुजी. घरातला माणूस घरातल्या माणसाशी असं बोलला, याचा अर्थ तो कायमचा तुटला!

संध्याकाळी काका भावाच्या घरी हजर. सोबत भावकीतली दोन वडीलधारी माणसं. योगेशच्या आईने पाणी दिलं, तर पाणीसुद्धा घेईनात. म्हणाले, "वहिनी, पयले सांगा, आम्हनं काय चुकनं? वावरना बांधवरथीन काही व्हयनं का? पोऱ्या आपलं-आपलं करी ऱ्हायना!"

रात्रीच्या जेवणापर्यंत समजूत काढावी लागली. दुसऱ्या दिवशी योगेशचा मला फोन. "मॅडम, कंपनीले इचारा ना, नातेवाईकस्ले वेगळा नियम शे का?"

मी कंपनीला विचारलं. कंपनी म्हणाली, तुमच्या तालुक्यात नातेवाईक किती टक्के? मी फोन ठेवून दिला.

*

इकडे कांतिलालशेठचं आइस्क्रीम नवापुरात जोरात चाललं. मग कंपनीने ठरवलं की गुपचूप तपासणी करायची. म्हणजे कंपनीचा माणूस साधं गिऱ्हाईक होऊन येणार, आइस्क्रीम खाणार, सगळं न्याहाळणार आणि शेठना पत्ता न लागता निघून जाणार. मला कंपनीने बजावलं होतं, शेठना सांगायचं नाही. मी नाही सांगितलं. देवाशप्पथ!

तो माणूस सुरतेच्या गाडीने नवापूर स्टेशनला उतरला. चहावाल्याने विचारलं, "कोनाकडे आले?" तो म्हणाला, "असंच." झालं! नवापुरात असंच कोणी येतं का? चहावाला म्हणाला, "आडनाव काय?" त्याने सांगितलं. "गाव?" सांगितलं. "अमळनेरचे का? मग तुमचे मामा..."

दहा मिनिटांत तो माणूस आइस्क्रीमच्या दुकानाऐवजी शेठच्या शेजाऱ्यांच्या घरी पाटावर बसला होता. ताटात दालबाटी. पंख्याने वारा घालायला एक मावशी. जेवण झाल्यावर झोपायला गादी. उठल्यावर पुन्हा चहा. परतीच्या गाडीची वेळ झाली तेव्हा सगळे जण त्याला सोडायला स्टेशनवर. दुकानाकडे त्याचं पाऊलच पडलं नाही. शेठ स्वतः स्टेशनवर आले आणि गाडी हलता हलता खिडकीतून त्याच्या हातात फॅमिली पॅक दिला.

त्याचा अहवाल मी पाहिला. स्वच्छता: माहीत नाही. रांग: माहीत नाही. चव: उत्तम, पण वितळलेली. शेवटचा रकाना होता, ‘दुकानदाराने तुम्हाला ओळखलं का?’

त्यात लिहिलं होतं, ‘हो. मी त्यांच्या शेजाऱ्यांच्या सुनेचा मावसभाऊ निघालो. मलाही आजच कळलं.’

*

करारनाम्याचा तास सगळ्यांत कंटाळवाणा. त्या दिवशी चाचांच्या कराराचा मसुदा मी उदाहरण म्हणून घेतला होता. फळ्यावर कलम लिहिलं: एका गावात एकालाच फ्रँचायझी, त्या गावाच्या हद्दीत दुसरा कोणी येणार नाही.

मागून हात वर झाला. रूपसिंगदादा वसावे. मूळचे मणिबेलीकडचे. आता तळोद्याजवळ पुनर्वसनाच्या वसाहतीत राहतात. त्यांना किराण्याची फ्रँचायझी घ्यायची होती.

"मॅडम, गाव पाण्याखाली गेलं तर?"

मी म्हटलं, "दादा, असं कसं..." आणि तिथेच थांबले. माझी जीभ चावली गेली. कोणाला काय सांगत होते मी!

रूपसिंगदादा शांतपणे म्हणाले, "आमचं गेलं ना धरणात. कागदावर गाव तिकडेच आहे. माणसं इकडे आहेत. निम्मी तिकडे वर डोंगरावर आहेत, होडीनं जावं लागतं. मग हद्द कोणती धरायची? पाण्याची की माणसांची?"

मी वकिलांच्या भाषेत काहीतरी शोधायला लागले, नैसर्गिक आपत्ती, अपवादात्मक परिस्थिती वगैरे. तेवढ्यात पहिल्या रांगेतून हमीदचाचा म्हणाले, "इतलं काय सोधी ऱ्हायनी बेटी? लिखी ले. गाव हालनं, ते हद्द मानसेस्ना संगे जाई."

मी लिहिलं. आजही ते कलम आमच्या मसुद्यात आहे. मुंबईच्या एका वकिलांनी ते खोडायला सांगितलं, तर रूपसिंगदादांनी त्यांना एवढंच विचारलं, "साहेब, तुमचं गाव कुठलं?" वकिलांनी पेन खाली ठेवलं.

*

चाचांची फ्रँचायझी घ्यायला पहिल्यांदा तीन जण आले होते. पहिला म्हणाला, "फक्त फॉर्म्युला द्या, माणूस नको." दुसरा म्हणाला, "मेथीऐवजी चीज घालू का?" त्याला चाचांनी पाणीसुद्धा विचारलं नाही, आणि आमच्याकडे यापेक्षा मोठी शिवी नाही. तिसरा बरा वाटला होता, पण त्याला बाह्या वर करून मेथी निवडायला बसवलं तर तो फोन आला म्हणून उठला तो उठलाच.

चाचा खचले. मला म्हणाले, "ऱ्हाऊ दे बेटी. मी गऊ का गाडी बी जाई." ते हसत म्हणाले, पण मला काही ते हसू बरं वाटलं नाही.

चौथी आली सुमित्राताई. धडगावची. बरीच वर्षं एका आश्रमशाळेत स्वयंपाक केलेली, आता बचत गटाची अध्यक्ष. गटातल्या बारा बायांनी मिळून तिला पुढे केलं होतं. एवढे दिवस आम्ही दुसऱ्याच्या चुलीवर रांधलं, आता आपली चूल हवी, असं तिने मला सरळ सांगितलं. घरी पावरी बोलणारी बाई, चाचांशी मात्र मोडक्या अहिराणीत आणि माझ्याशी शाळेतल्या मराठीत बोलायची.

पंधरा दिवसांचं प्रत्यक्ष काम. चाचांनी आठ दिवस तिला पिठाला हातच लावू दिला नाही. मेथी निवड, मेथी धू, मेथी चिर. ती गुमान करत होती. मी चाचांवर चिडले. चाचा म्हणाले, "नाव देसू बेटी. हात कसा दिऊ?"

नवव्या दिवशी शुक्रवार होता, मीही गाडीवर आले होते. चाचा नमाजाला गेले आणि परतीला वाटेत कोणीतरी ओळखीचं भेटलं. इकडे गाडीपुढे गर्दी झाली. रिक्षावाले ओरडायला लागले. सुमित्राताईने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि कढईत घाणा सोडला.

चाचा आले तेव्हा रिक्षावाले गप्प बसून खात होते. डॉक्टरसाहेबांचा कंपाउंडर पुडी बांधून नेत होता. चाचांचा चेहरा उतरला. त्यांनी एक भजी उचलली, मोडली, वास घेतला, खाल्ली. मग रिक्षावाल्याच्या प्लेटमधली एक खाल्ली. मग कंपाउंडरची पुडी सोडून त्यातली एक.

"बारीक तिखट डाक्टरनं, जास्ती रिक्षावालानं," चाचा म्हणाले. "तुले कसं समजनं? हाई तर मन्हा डोकामा शे. कोठे लिखेल बी नही!"

सुमित्राताई घाबरून म्हणाली, "मी त्यास्लेच इचारं चाचा. किती तिखट टाकू म्हणीसन."

चाचांनी कंपाउंडरची पुडी पुन्हा बांधून दिली. एवढ्या वर्षांत त्यांनी कोणालाच कधी विचारलं नव्हतं. मग ते माझ्याकडे वळले.

"बेटी, इचारेल बी चालस का?"

त्या संध्याकाळी मॅन्युअल पूर्ण झालं.

*

तर धडगावला दुकान निघालं. बोर्डवर मोठ्या अक्षरांत ‘हमीदचाचा भजीवाले, नंदुरबार’ आणि खाली बारीक अक्षरांत ‘धडगाव’. पण करारातच लिहिलं होतं की तीन महिन्यांनी मूळ मालकाने स्वतः येऊन तपासणी करायची. दहा प्रश्नांचा फॉर्म. नापास झाली तर नाव काढून घ्यायचं. ही अट चाचांचीच. "नाव खराब व्हवापेक्षा बंद व्हयेल बरं," असं म्हणाले होते. आणि त्यांनी मला वेगळं सांगितलं होतं, "बेटी, ही नापास व्हयनी ते मी पाचवा मानूस सोधाव नही."

तपासणीचे नियम मी चाचांना घोटून शिकवले. कढईला हात लावायचा नाही. गिऱ्हाइकाला ओळख द्यायची नाही. नुसतं बसायचं, बघायचं, खायचं. फॉर्म मी भरणार, कारण बारीक अक्षर चाचांना दिसत नाही.

आठवड्याच्या बाजाराचा दिवस धरला. घाटातून जीप वर चढली तेव्हा चाचांनी पुढची सीट दोन्ही हातांनी धरली होती. या बाजूला ते आयुष्यात पहिल्यांदाच येत होते. इस्त्रीचा कुर्ता घातला होता, वर अत्तर. मी म्हटलं, "चाचा, तपासणी आहे, लग्न नाही."

बाजार गच्च भरला होता. आम्ही कोपऱ्यातल्या बाकावर बसलो. सुमित्राताईने आम्हाला पाहिलं आणि कढईतला घाणा पटकन उलटला. तिच्यामागे गटातल्या चौघी उभ्या. तिने दोन प्लेट पाठवल्या. चाचांनी एक भजी खाल्ली, दुसरी खाल्ली. चेहऱ्यावर काही नाही. मी एकेक प्रश्न वाचत गेले. स्वच्छता? मान हलली. तेल? हलली. मेथी ताजी? हलली. चव? चाचा थांबले. चटणीत बोट बुडवून चाखलं. मग मान हलली.

नऊ प्रश्न झाले. दहावा राहिला: ‘मूळ मालक कोण, हे गिऱ्हाइकाला माहीत आहे का?’ यासाठी गिऱ्हाइकाशी बोलावं लागणार होतं.

शेजारी एक म्हातारबा बसले होते. डोंगरातून बाजाराला आलेले. प्लेट संपवून बोटं चाटत होते. चाचांनीच त्यांना विचारलं, "कश्या शेतस भज्या, दादा?"

"एक नंबर!" म्हातारबा म्हणाले. "आमनी सुमित्राना हातन्या शेतस. तू कोठला?"

"नंदुरबारना."

"मंग तुले ठाऊक व्हई. तठे टेशनजोडे एक डोकरा बठस. मी दवाखानाले गऊ व्हतू, तवय खाद्यात. सेम टू सेम अश्याच भज्या! आमनी सुमित्रापाशीच शिकना व्हई तो."

मी उठायलाच लागले. म्हटलं, आता सांगून टाकावं! चाचांनी माझा पदर धरून मला खाली बसवलं. तिकडे सुमित्राताईच्या हातातला झारा तसाच वर राहिला होता. तिनं सगळं ऐकलं होतं.

म्हातारबांनी वर बोर्डाकडे बोट दाखवलं. नातवाने वाचून दाखवलं होतं बहुतेक. "देख ना. डोकराना धंदा चालाले पाहिजे म्हणीसन बिचारीनी त्यानं नाव बी आपला बोर्डवर टाकं. बाई मोठा मननी शे!"

चाचांनी प्लेटमधली शेवटची भजी खाल्ली. रुमालाने तोंड पुसलं, आणि जरा वेळ डोळेही.

"हाव दादा," ते म्हणाले. "वळखस मी त्याले. आजून शिकीच ऱ्हायना तो."

मग माझ्याकडे झुकले आणि म्हणाले, "लिख बेटी. दहावा. हो."